अळणी पाणी

कवठगव्हाणात विहीर कुठं खणावी हे पाणाड्याला विचारत, पण लागलेलं पाणी प्यावं की नाही हे विचारायला अनसूयाबाईला बोलवत.

पूर्णेच्या दोन्ही काठांचा हा खारपाणपट्टा. वरची माती लोण्यासारखी. कापूस असा येई की अकोल्याच्या बाजारात गाडी उभी राहायचा अवकाश, दलाल धावत यावेत. आणि त्याच मातीखाली साठ हात खणलं की जे पाणी लागे त्यात साबणाला फेस येत नसे आणि तुरीची डाळ दिवसभर चुलीवर ठेवली तरी दाण्याचा दाणाच राही. देवानं एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं काढून घेतलं, असं कोणी हळहळलं की अनसूयाबाई फटकन म्हणे, "देवाले काहून बोल लावता? घरं तुमच्या बापजाद्यांनी बांधली इथं."

ती मूळची सातपुड्याच्या पायथ्याची, अचलपूरच्या पलीकडच्या एका गावची. तिकडच्या विहिरींचं पाणी म्हणजे अमृत. तेराव्या वर्षी ती नवरी होऊन कवठगव्हाणात आली, उन्हातून आलेली म्हणून सासूनं तांब्या पुढे केला आणि या पोरीनं पहिला घोट भर अंगणात, वऱ्हाडासमोर थुंकला. सासरचं पाणी थुंकलं! सासू महिनाभर तिच्याशी बोलली नाही. पण त्याच साली मारुतीजवळ नवी विहीर लागली, सगळ्या गावानं पाणी गोड म्हणून गूळ वाटला, आणि ही एकटी मान हलवत राहिली. दुसऱ्या दिवशी परगावाहून आलेल्या बैलांनी त्या विहिरीच्या हौदात तोंड घालायचं नाकारलं. तेव्हापासून तिचं नाव पडलं गोडजिभी. एरवी तिची जीभ गोड आहे असं तिचा सख्खा भाऊही म्हणाला नसता, पण पाण्याच्या बाबतीत तिचा शब्द म्हणजे पंचांचा शब्द.

याला आता बत्तीस वर्षं झाली होती. मधल्या काळात सासू गेली, आणि चार वर्षांपूर्वी नवरा गेला. मुतखड्यानं गेला. तीन दिवस तो माणूस गुरासारखा ओरडत होता. चौथ्या दिवशी गाडीत घालून अकोल्याला नेलं, तर मोर्णा नदीचा पूल दिसायच्या आतच त्याचं ओरडणं थांबलं. गावात या पाण्यापायी अशी मरणं नवी नव्हती. पण अनसूयाबाईनं त्या दिवशी मनाशी गाठ मारली की आपल्या नातवाच्या पोटात हे पाणी जाऊ द्यायचं नाही. नातू तेव्हा जन्मलाही नव्हता. मुलगा देवराव बिनलग्नाचा होता. तरी गाठ मारली ती मारली.

पाऊस मात्र कोणाच्या गाठी जुमानत नव्हता. पूर्वी तो नक्षत्र ओळखून येई. मृगात पेरणी, आर्द्रेत अंकुर, आणि शेवटी हस्ताचा हत्ती सोंड हलवून जाई. आता मृग कोरडा जाऊ लागला, आर्द्रा नुसती ढग दाखवून पळू लागली, आणि सगळं राहिलेलं एकदम भाद्रपदात कोसळू लागलं. म्हातारे सुरुवातीला म्हणाले, एखादं साल असं निघतं. मग म्हणाले, दोन साल निघतात. पुढे म्हणायचंच सोडून दिलं. पूर्णा पूर्वी चैत्रापर्यंत वाहायची, ती माघातच आटू लागली. उन्हाळ्यात गाव नदीच्या वाळूत झिरे खोदून त्यातलं पाणी वाटीवाटीनं भरून आणी. तेच काय ते गावाचं त्यातल्या त्यात गोडं पाणी. ते झिरे दरवर्षी हातभर खोल जाऊ लागले आणि त्यांचं पाणी केसाकेसानं बदलत गेलं. इतकं हळू की कोणी काही म्हणालं नाही. अनसूयाबाईही म्हणाली नाही.

एकोणसाठच्या भाद्रपदात तीन दिवस पाऊस थांबला नाही. चौथ्या दिवशी सकाळी नदीनं काठ खाल्ला, आणि काठावरची अकरा घरं नदीत गेली. माणसं आधीच मारुतीच्या ओट्यावर जमली होती म्हणून वाचली. पाणी ओसरल्यावर पाहिलं तर उरलेल्या गावाच्या बुडाखालून माती पोखरली होती. नायब तहसीलदार जीपमधून आले, काठीनं जमीन टोचून पाहिली आणि म्हणाले, पुढच्या पावसाळ्याच्या आत गाव उठलंच पाहिजे.

गाव उठायचं. पण जायचं कुठं? सरकारनं दोन जागा दाखवल्या. एक सहा कोसांवर, अकोटच्या पुढे डोंगराच्या अंगाला. तिथं पाणी गोड, यात कोणालाच शंका नव्हती, पण जमीन गोट्यांची, आणि आपली काळी शेतं सहा कोस मागं राहणार. दुसरी जागा जुन्या गावापासून कोसभर, उंच बरडावर. तिथून शेतं हाकेच्या अंतरावर. गावाचा जीव साहजिकच बरडावर. अडचण एवढीच, की बरडावर विहीर नव्हती.

"विहीर खोदू," पोलीस पाटील नत्थुजी म्हणाले. "पाणी गोड लागलं त बरड, नाई त डोंगर. सांगतीन आमच्या अनसूयाबाई."

नायबसाहेबांनी बाटली नागपूरला पाठवून तपासायचं सुचवलं. उत्तर यायला तीन महिने. नत्थुजी हसले. "साहेब, तुमच्या बाटलीच्या आंधी आमची जीभ सांगते."

विहीर खोदायला अकोल्याच्या जुन्या शहरातून उस्मान मिस्त्री आला. मार्गशीर्षात पाणी लागलं. त्या दिवशी सगळं गाव बरडावर लोटलं. अनसूयाबाई नवं लुगडं नेसून, सुनेला घेऊन आली. सून तारा दर्यापूरच्या पलीकडची, तीही गोड्या पाण्याच्या गावची, लग्नाला वर्ष झालेलं आणि दुसरा महिना लागलेला.

उस्माननं पहिली बादली काढली, गढूळ वर होतं ते ओतून दिलं, दुसरी निवळू दिली आणि तांब्या भरून अनसूयाबाईच्या हातात दिला. चाळीस उंबऱ्यांचं गाव श्वास धरून उभं. अनसूयाबाईनं डोळे मिटले. पाणी टाळूला लावलं, जिभेवर फिरवलं, गिळलं. मग पुन्हा एक घोट घेतला. तिला खरंच हवं होतं की चूक होऊ नये. खारं असतं तर तिनं गावाच्या तोंडावर खारं म्हणून सांगितलं असतं आणि सगळ्यांना डोंगराला पिटाळलं असतं. नातवासाठी ती गावाशी भांडायला तयार होऊन आली होती. पण पाणी नितळ होतं, हलकं होतं, झिऱ्याच्या पाण्याहून कितीतरी बरं होतं.

"गोड हाये," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग काय! हलगी वाजली. माणिकबाई, म्हणजे नत्थुजींची बायको, गूळ वाटत सुटली. ताराच्या हातातही कोणी तांब्या दिला. तिनं घोट घेतला, वाकली, आणि विहिरीच्या काठाला ओकली.

"आत्याबाई," ती सासूच्या कानाशी म्हणाली, "पाणी खारं लागून राह्यलं."

"डोहाळे हायेत तुले," अनसूयाबाई हसून म्हणाली. "काल भाकरीचा वास येत होता, आज पाण्याची चव येते." ते ऐकून भोवतालच्या बायाही हसल्या. पोटुशी बाई काय, तिला साखरही कडू लागते.

उस्मान मात्र दोर गुंडाळता गुंडाळता थांबला. तो अकोल्याचा, त्यालाही घोट कसनुसा लागला होता. पण परगावच्या मिस्त्रीनं गावाच्या जिभेला कसं खोटं पाडावं? तो अदबीनं म्हणाला, "बाई, आप मीठा बोले तो मीठा. पन एक बार दाल शिजाके देखो."

"मिस्त्री, तुमचं मीठा अन् आमचं मीठ, घोळ होते बरं!" कोणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा पिकला. तरी शंका नको म्हणून माणिकबाईनं तिथंच तीन दगड मांडून डाळ चढवली. डाळ शिजली. अगदी मऊ, बोटानं दाबावी तर पीठ. आता बोलायला जागाच उरली नाही.

वैशाखापर्यंत कवठगव्हाण उठलं. लोकांनी जुन्या घरांचे सागवानी खांब उपटले, तुळया उतरवल्या, दारं चौकटींसकट काढली, मारुतीही वाजतगाजत गाडीत बसून बरडावर गेला. मागं राहिल्या त्या उघड्या भिंती, आणि त्याही वळवाच्या पहिल्या सरीत बसल्या. त्याच सुमारास तारा बाळंतपणाला माहेरी गेली. आषाढात मुलगा झाल्याचा निरोप आला आणि बाराव्या दिवशी अनसूयाबाई एस.टी.नं बारशाला गेली.

उन्हाची तिरीप, बस धुळीची, घसा पार वाळलेला. ताराच्या आईनं, इंदूबाईनं, पाय धुवायला पाणी दिलं आणि पितळी तांब्या पुढे केला. अनसूयाबाईनं अधाशासारखा मोठा घोट घेतला, आणि थबकली.

काहीच नव्हतं त्या पाण्यात. मीठ टाकायची विसरलेली भाजी जशी लागते तसं लागत होतं.

"काय वो विहीणबाई," तिनं विचारलं, "पाणी अळणी काहून लागते तुमचं?"

इंदूबाई गोंधळली. "अळणी? पाणी कधी अळणी राहते का बाप्पा? पाण्यात मीठ असते का?"

अनसूयाबाईनं तांब्यात डोकावून पाहिलं. तिनं पुन्हा घोट घेतला. पुन्हा तेच. हे तिच्याच मुलखाचं पाणी होतं. लहानपणी असल्याच पाण्यावर ती वाढली होती, आणि ते न मिळाल्यामुळे तेराव्या वर्षी भर वऱ्हाडात थुंकली होती. तेच पाणी आता तिच्या जिभेला कमी पडत होतं. बत्तीस वर्षं तिची जीभ खारं पाणी पीत आली, आणि पाणी जसं वाढत्या मिठाचं होत गेलं तशी जीभही त्याच्याबरोबर गेली, हे तिला त्या क्षणी कळलं. इतकी भीती तिला पुराचीही वाटली नव्हती.

बाळंतिणीच्या खोलीत तारा मुलाला पाजत होती. अनसूयाबाईनं दार लोटून घेतलं. "खरं सांग मले. बरडावरचं पाणी कसं होतं?"

तारानं तिच्याकडे पाहिलं. "मी त त्याच दिवशी सांगतलं होतं, आत्याबाई."

"मंग डाळ कशी शिजली?"

"माणिकबाईंनी चिमूटभर पापडखार टाकला होता. मी पाह्यलं. त्यायले समजलंही नाही; डाळ शिजावी म्हनून रोज टाकतात न, हात आपोआप गेला."

"मंग तेव्हा ओरडून काहून नाही सांगतलं तू?"

तारा खाली मान घालून म्हणाली, "वर्षाची सून मी. तुमी गोड म्हनलं होतं. तुमच्यावर कोन बोलनार?"

अनसूयाबाईनं तिला पोटाशी धरलं आणि पोरीसारखी रडली. निघताना तिनं बजावलं, "मी निरोप पाठवल्याशिवाय लेकराले घेऊन येऊ नको."

बरडावर परतल्यावर ती घरी न जाता थेट नत्थुजींकडे गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नत्थुजी भला माणूस. त्यांनी ऐकून घेतलं, विहिरीवर गेले, बादली ओढली, ओंजळीनं प्यायले. "गोड हाये की वो."

"तुमाले लागंनच गोड. तुमी इथंच जन्मले."

नत्थुजींनी येणाऱ्याजाणाऱ्या चौघांना हाक मारून पाजलं. चौघांनीही मिशा पुसत गोड म्हटलं. त्यातला एक तर म्हणाला, असं पाणी अख्ख्या पट्ट्यात नाही. नत्थुजी तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "अनसूयाबाई, तुमची जीभ आता म्हातारी झाली. होते असं. पन हे चारचौघांत बोलू नका. लोकायनं घरं मोडून आनली इथं. तिकडे भिंतही उरली नाही. आता कुठी जातीन ते?"

ती चुकली होती तेव्हा गावानं डोळे मिटून विश्वास ठेवला, आणि बरोबर होती तेव्हा तिला म्हातारी ठरवलं. तिला संताप आला, पण कोणावर काढावा? तिनं देवरावला डोंगराकडे चल म्हणून पाहिलं. तो म्हणाला, "अन् वावर? ते उचलून नेता येते काय, माय?" नागपूरला बाटली पाठवायची म्हणून ती नायबसाहेबांच्या कचेरीत जाऊन आली, तिथं कळलं की साहेबांची बदली झाली, आणि कागदावर तर 'पाणी गोड, ग्रामस्थांची खात्री' असा शेरा मारून गावाचा विषय कधीच मिटला होता.

श्रावणात सव्वा महिना भरला. अनसूयाबाईनं निरोप पाठवला नव्हता. तरी देवरावनं एका पहाटे गाडी जुंपली. "लेकरू बापाच्या घरी नाही येनार त कुठी जाईन?" एवढंच म्हणाला. तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी बरडाच्या शिवेवर येऊन थांबली. बाया आधीच जमल्या होत्या, नत्थुजीही आले होते. कवठगव्हाणात लेकरू पहिल्यांदा गावात येताना गाडी शिवेवर थांबवत. आजीनं गावच्या पाण्यात बोट बुडवून त्याच्या जिभेवर टेकवायचं, मगच बैल पुढे. याला पाणी लावणं म्हणत. ज्या गावचं पाणी लागलं त्या गावचं माणूस.

माणिकबाईनं नव्या विहिरीचा तांब्या पुढे केला. अनसूयाबाई हलली नाही.

"लावा न वो. ऊन लागून राह्यलं लेकराले."

अनसूयाबाईनं गाडीतल्या पोराकडे पाहिलं. टकामका बघत होतं. तिच्या मनात काय आलं कोण जाणे, तिनं झटकन तांब्यात बोट बुडवलं आणि सगळ्या गावाला दिसेल असं त्याच्या जिभेला लावलं. पोरानं ओठ मुडपले, कपाळाला आठ्या घातल्या, अंग ताठ केलं आणि असा टाहो फोडला की बैलांनी कान टवकारले.

"पाहा!" अनसूयाबाई ओरडली. "माझी जीभ म्हातारी झाली, तुमची त कधी तरणी नव्हतीच. आता याची पाहा! कालपर्यंत गोड पाण्याच्या मुलखात होतं हे. याले कोनी शिकवलं? पाणी खारं हाये, बाप्पाहो! मी चुकली. जीव जाईन साऱ्यायचा."

मग माणिकबाई खुदकन हसली, आणि तिच्यामागून सगळ्या बाया. "अवो बाई, पाणी लावलं की सारेच लेकरं रडतात! तुमचा देवराव त असा रडला होता की गावभर ऐकू आलं होतं. मंग झाली न सवय? यालेही होईन."

अनसूयाबाईनं देवरावकडे पाहिलं. बैलांची वेसण धरून तो उभा होता, ओशाळून हसत. तिला आठवलं, त्या दिवशी सासू हसली होती आणि सासूबरोबर तीही हसली होती.

"हाव," ती म्हणाली. "देवरावच्या बापालेही झाली होती सवय." मग आवाज चढवून म्हणाली, "देवराव, बैल फिरव."

"माय, लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. फिरव म्हनते न मी."

तारानं वाट पाहिली नाही. तिनं पदराच्या टोकानं पोराची जीभ पुसली, त्याला छातीशी घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, "फिरवा." लग्न झाल्यापासून तिनं चारचौघांत उच्चारलेला हा पहिला शब्द. देवरावनं एकदा आईकडे, एकदा बायकोकडे पाहिलं आणि कासरा ओढला. गाडी वळताना तारा वाकून म्हणाली, "तुमीही चाला, आत्याबाई. आमच्या तिकडे राहा."

"मी कशी येऊ? चाळीस उंबरे माझ्या जिभीवर इथं आले. ते हे पाणी पेतीन अन् मी तिकडे गोड पेऊ? जा तू. अन् देवराव तुमाले सोडून माघारी येईन, त्याचं वावर हाये इथं. त्याले इकडे मी पाहीन. तू लेकराले पाह्य."

गाडी गेली. धूळ बसेपर्यंत बाया कुजबुजत होत्या. मग कोणाच्या गायी सुटायच्या होत्या, कोणाचं दळण राहिलं होतं, एकेक करून पांगल्या. नत्थुजी काठी टेकत निघून गेले. अनसूयाबाई शिवेवरच्या दगडावर बसून राहिली. ओरडून तिचा घसा बसला होता.

माणिकबाईला तिची दया आली. शेवटी दोघी बत्तीस वर्षांच्या शेजारणी. ती परत आली आणि तोच तांब्या तिच्या हातात देऊन म्हणाली, "घ्या, दोन घोट घ्या. कोरड पडली असंन."

तहान खरोखरच लागली होती. अनसूयाबाईनं तांब्या तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. पाणी तिला गोड लागलं.